क्रँकी आजोबांची किरकिर

मंडळी, आधी एक कबुली देऊन टाकतो. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, त्यामुळे 'एकोणसाठ' म्हणजे ५९ की ६९ हे मला अजूनही बोटं मोजून ठरवावं लागतं. म्हणून या लेखातले सगळे आकडे आकड्यांतच आहेत. शुद्धलेखन मराठी विभागाच्या संपादकांनी तपासलंय. चुका सापडल्या तर त्यांना पकडा, मी मेसमध्ये असेन.

तर विषय असा, की एक म्हातारा आहे. पाठीत वाकलेला, लांब पांढरी दाढी, हातात काठी. आपण मदत मागायला त्याच्या झोपडीत गेलो की आधी आपली अक्कल काढतो, मग आपल्या पिढीची काढतो, आणि जाता जाता कामाचं एखादं वाक्य फेकतो. नाव क्रँकी काँग. जातीने माकड, म्हणजे गोरिला. पत्ता : डाँकी काँग कंट्री हा व्हिडिओ गेम.

हा गेम १९९४ साली इंग्लंडमधल्या रेअर या कंपनीने निन्टेन्डोच्या सुपर निन्टेन्डो यंत्रासाठी बनवला. मी तो माझ्या जन्माच्याही आधीचा म्हणून रूममेटच्या स्विचवर, पीएलच्या ऐन मोक्याच्या काळात खेळलो (घरी सांगू नका). सुरू होतानाच गंमत आहे. लाल गर्डरवर क्रँकी आजोबा ग्रामोफोनचं हँडल फिरवत जुनी ट्यून वाजवत बसलेत. तेवढ्यात वरून तरुण डाँकी काँग मोठा टेप घेऊन धाडकन उतरतो, आजोबा उडतात, आणि पडद्यावर सगळं नवं, चकाचक, नाचरं संगीत सुरू! अर्ध्या मिनिटात अख्खं भांडण समजतं.

हे भांडण कशावरून, हे कळायला आजोबांचा बायोडेटा बघावा लागेल. १९८१ साली निन्टेन्डोचा डाँकी काँग नावाचा आर्केड गेम आला. शिगेरू मियामोतो या तरुण डिझायनरचं ते पहिलं मोठं काम. अमेरिकेत रडारस्कोप नावाच्या गेमची कपाटं विकली न जाता पडून होती, त्यांत नवा गेम भरायचा म्हणून हा बनला. थोडक्यात, बॅकलॉग क्लिअर करायला! त्यात एक माकड बाईला उचलून गर्डरवर चढतं आणि वरून पिंपं गडगडत सोडतं. खालून उड्या मारत येणारा टोपीवाला म्हणजे जंपमन, पुढे जगप्रसिद्ध झालेला मारिओ. आणि ते माकड म्हणजे आपले क्रँकी आजोबा. १९९४ मधला टाय घातलेला डाँकी काँग हा त्यांचा वंशज. कुठे नातू म्हटलंय, कुठे मुलगा. २०२३ च्या मारिओच्या सिनेमात तर सरळ बापच आहे. असो, माकडांची वंशावळ हा आपला विषय नाही.

मुद्दा असा, की एके काळचा व्हिलन आणि स्टार म्हातारपणी झोपडीत बसून पुढच्या पिढीला टोमणे मारतोय. आमच्या वेळी असली छाया-प्रकाशाची नाटकं नव्हती, एकच स्क्रीन तासन्‌तास खेळायचो आणि खूश असायचो, असा एकूण सूर. आपल्याकडे 'आमच्या वेळी ड्राफ्टर घेऊन बसनं जायचो' असं ऐकवणारे असतात ना, तसंच.

आता गंमत बघा. रेअरने या गेमसाठी सिलिकॉन ग्राफिक्सची महागडी वर्कस्टेशन घेतली होती. त्यांवर माकडांची ३डी मॉडेल बनवायची, त्यांवर प्रकाश टाकायचा, एकेक फ्रेम रेंडर करायची आणि ती चित्रं बारीक करून यंत्रात बसवायची. सुपर निन्टेन्डोला ३डी-बिडी काही करावं लागत नाही. तो बिचारा फक्त तयार सपाट चित्रं हलवतो, एका स्प्राइटच्या पॅलेटमध्ये १५ रंग आणि एक पारदर्शक. सगळं ४ एमबीच्या कार्ट्रिजमध्ये! लोक वेडे झाले, ९० लाखांहून जास्त प्रती खपल्या. म्हणजे गेम विकला गेला तो दिसण्यावर. आणि त्याच गेमच्या पोटात कंपनीने एक म्हातारा बसवला, जो येता-जाता सांगतो की हा सगळा मेकअप आहे. गेमबरोबरच्या माहितीपुस्तिकेतही मधेमधे त्याचे शेरे आहेत. स्वतःच्या सेमिनारच्या पीपीटीत स्वतःच 'ही स्लाइड फालतू आहे' लिहिण्याची हिंमत आपल्यात आहे का?

आणि तो चुकीचं बोलत नाही. मेकअप काढा, खाली काय उरतं? उडी, पिंप, उडी. १९८१!

पण आजोबांचा काळही काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. जुना गेम झेड८० प्रोसेसरवर चालायचा, साधारण ३ मेगाहर्ट्झ. त्यात लेव्हलचा वेळ ठरवायचं सूत्र असं : लेव्हलला १० ने गुणा, ४० मिळवा. उत्तर ८० च्या वर गेलं तर ८० धरा. हे शेकड्यात, म्हणजे पहिल्या लेव्हलला ५०००. लेव्हल २२ ला काय होतं? २२० अधिक ४०, झाले २६०. पण ८ बिटमध्ये २५५ च्या वर काही मावत नाही. २६० मधून २५६ गेले, उरले ४. चार म्हणजे ८० पेक्षा कमी, म्हणून तपासणीही सुखाने पास! घड्याळात फक्त ४०० उरतात आणि थोड्याच सेकंदांत जंपमन जागच्या जागी मरतो. कितीही भारी खेळाडू असो, गेम तिथे संपतो.

हे वाचलं तेव्हा मी कपाळावर हात मारला, कारण हाच प्रकार मी स्वतः करून बसलो होतो. आमचा मिनी प्रोजेक्ट होता दारातून आत येणारी माणसं मोजायचा. सेन्सर, मायक्रोकंट्रोलर, आणि लॅपटॉपवर एकदम झकास डॅशबोर्ड, फिरते ग्राफ वगैरे. तीन रात्री त्या ग्राफच्या रंगांत घातल्या. रिव्ह्यूच्या आदल्या दिवशी लॅबमधले काका (याच वर्षी रिटायर होतायत, हसताना मी त्यांना पाहिलेलं नाही) मागे येऊन उभे राहिले.

"छान रंगवलंय. रांगोळी स्पर्धा आहे का?"

"नाही काका, रिव्ह्यू आहे उद्या."

"बरं. दोनशे छप्पन्नावा माणूस आला की काय होतं रे?"

एवढं विचारून चहाला निघून गेले. काउंट मी अनसाइन्ड कॅरेक्टरमध्ये ठेवला होता. दोनशे छप्पन्नाव्या माणसाला माझा डॅशबोर्ड शून्य दाखवणार होता, तेही सुंदर निळ्या रंगात. रात्री डेटाटाइप बदलला, रिव्ह्यू वाचला. सरळ 'इथे ओव्हरफ्लो आहे' म्हणाले असते तर काय बिघडलं असतं, असा राग मात्र दोन दिवस होता.

परत आजोबांकडे. १९९५ साली गेम बॉयवर डाँकी काँग लँड आला. त्याची गोष्टच अशी, की आधीच्या गेमच्या यशाने जळफळलेले क्रँकी आजोबा पैज लावतात : हे यश तुमचं नाही, ग्राफिक्सचं आहे. हिंमत असेल तर ८ बिटच्या छोट्या यंत्रावर करून दाखवा! गेम बॉय म्हणजे १६० बाय १४४ चा पडदा आणि ४ छटा. मला ही पैज फार आवडते, पण निकाल वाकडा लागला. रेअरने तिथेही रेंडर केलेलीच चित्रं कोंबली. ४ छटांत माकड कुठलं आणि मागचं झाड कुठलं हे कळत नाही, उडी चुकते. मेकअप सोडवला नाहीच, आणि त्यानेच घात केला. माझ्या मते पैज आजोबा जिंकले, फक्त त्यांना पाहिजे होती तशी नाही.

पुढे आजोबा व्यवहारी झाले. १९९५ च्याच दुसऱ्या भागात सल्ल्याचे पैसे घेतात, केळ्याची नाणी मोजून. २०१० मध्ये दुकान टाकलं. आणि २०१४ च्या ट्रॉपिकल फ्रीझमध्ये चक्क मैदानात उतरले. तीच काठी जमिनीवर आपटत काट्यांवरून टणाटण उड्या मारतात, जिथे तरुणांचे पाय सोलून निघतात.

रिव्ह्यूनंतर रूममेटने स्विच लॅबमध्ये आणला होता, तेव्हा काकांना डाँकी काँग कंट्री दाखवला. उभ्या उभ्या पाच मिनिटं बघितलं त्यांनी.

"काका, तीस वर्षांपूर्वीचं आहे हे, ४ एमबीत!"

"हं. आवाज कमी कर," म्हणाले, आणि मग तिथेच स्टूल ओढून बसले.