हायकोर्ट दारात आलं, पण वकील कोणता गाठायचा? सरकारी कामाची केस टाकण्याआधी हे वाचा

कोल्हापूर : मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांच्या केसेस आता इथंच चालतात. आधी एका तारखेसाठी रात्रीची एसटी धरून मुंबईला जावं लागायचं, ते हेलपाटे थांबले. मोठी सोय झाली.

पण त्याबरोबर गावागावांत एक नवा समज पसरायला लागलाय. तलाठ्यानं नोंद धरली नाही, टाका हायकोर्टात. तहसीलदारानं रस्ता दिला नाही, टाका हायकोर्टात. इथंच माणूस फसतो. कायद्यात खाली अपिलाची सोय असेल तर हायकोर्ट बहुतेक वेळा सांगतं, आधी तिकडे जा. तोवर खालच्या अपिलाची मुदत संपलेली असते. वकिलाची फी गेली, मुदतही गेली.

म्हणून वकील नेमण्याआधी दोन गोष्टी बघाव्या लागतात. आपली केस कोणत्या दारातली आहे आणि मुदत किती राहिली आहे. वकील त्यानंतर ठरवायचा.

कोणत्या कामाला कोणतं दार?

सातबारा, फेरफार : हरकतीच्या नोंदीचा निकाल तहसीलदार किंवा मंडळ अधिकारी देतात. त्यावर पहिलं अपील प्रांतांकडे. कलेक्टरच्या खालच्या अधिकाऱ्याच्या आदेशावर अपिलाची मुदत 60 दिवस. आदेश कलेक्टर दर्जाच्या किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याचा असेल तर 90 दिवस. आदेश आपल्याला मिळाला त्या दिवसापासून ही मुदत मोजतात आणि नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वगळतात. पण एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. फेरफार नोंदीनं मालकी ठरत नाही, असं सुप्रीम कोर्टानं अनेकदा सांगितलंय. भावकीत मूळ हक्काचाच वाद असेल तर प्रांतांकडे दहा वर्षं लढून उपयोग नाही, दिवाणी कोर्टात दावा लावावा लागतो.

शेतरस्ता : वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला तर मामलेदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदारांकडे दावा लावता येतो, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. रस्ता मुळातच नसेल आणि बांधावरून नवा मागायचा असेल तर ते जमीन महसूल संहितेच्या कलम 143 चं काम. दोन्ही अर्ज तहसीलदारांकडेच जातात, पण कायदा वेगळा. चुकीच्या कलमाखाली टाकलेला अर्ज वर जाऊन पडतो.

जमीन संपादन : शक्तिपीठ महामार्गामुळे हा विषय जिल्ह्यात पारापारावर आहे. राष्ट्रीय महामार्ग कायद्याखाली संपादनाची अधिसूचना निघाली तर हरकतीला 21 दिवस मिळतात आणि मोबदला कमी वाटला तर लवादाकडे जावं लागतं. 2013 च्या भूसंपादन कायद्याखाली निवाडा झाला आणि आपण त्या वेळी हजर होतो, तर वाढीव मोबदल्याच्या अर्जाला सहाच आठवडे. पैसे उचलताना ‘हरकत राखून स्वीकारत आहे’ असं लेखी द्यावं. नुसती सही करून पैसे घेतले की पुढं भांडायला अडचण येते. आपल्या नोटिशीवर कोणत्या कायद्याचं नाव आहे, हे म्हणूनच आधी वाचायचं.

ग्रामपंचायत : सदस्य किंवा सरपंच अपात्रतेचा निर्णय जिल्हाधिकारी देतात. त्यावर अपिलाला फक्त 15 दिवस. इथं आठवडाभर विचार करत बसलं तरी निम्मा वेळ गेला.

सरकारी नोकरी : राज्य सरकारी कर्मचाऱ्याची बदली, बढती, निलंबन यासाठी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण म्हणजे ‘मॅट’ आहे. तिथं साधारण एका वर्षाच्या आत जावं लागतं.

सरकारवर दिवाणी दावा : याला साधारणपणे दोन महिने आधी नोटीस द्यावी लागते. फारच तातडी असेल तर कोर्टाची परवानगी घेऊन नोटिशीआधी दावा टाकता येतो.

नुसता दाखला अडला असेल तर वकिलाचीही गरज नाही. 2015 च्या सेवा हक्क कायद्याखाली त्याच खात्यातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे 30 दिवसांत अपील करता येतं. फाईल कुठं अडली हे कळत नसेल तर 10 रुपयांचा माहिती अधिकार अर्ज टाकावा.

वकिलाकडे जाताना काय न्यायचं?

सरकारी कामात मुरलेला वकील पहिल्यांदा विचारतो, ‘आदेश कुठाय? तारीख काय?’ सगळी कहाणी ऐकून कागद न बघताच ‘होऊन जाईल’ म्हणणाऱ्यापासून सावध राहिलेलं बरं. जाण्याआधी एवढं गोळा करावं :

1. ज्या आदेशावर तक्रार आहे त्याची सही-शिक्क्याची नक्कल. झेरॉक्सवर अपील चालत नाही.
2. आदेश कधी मिळाला त्याचा पुरावा. पोस्टाचं पाकीटसुद्धा टाकून देऊ नये, त्यावर तारखेचा शिक्का असतो.
3. आपण दिलेले अर्ज आणि त्यावरची पोहोच. पोहोच नसेल तर अर्ज दिलाच नाही, असंच ऑफिस म्हणणार.
4. सातबारा, आठ-अ, जुने फेरफार, मोजणीचा नकाशा.
5. एका कागदावर तारीखवार हकीकत. कधी काय झालं एवढंच.

मूळ कागद वकिलाकडे ठेवू नयेत. दाखवून परत आणावेत आणि झेरॉक्स द्यावी.

वकिलाला काय विचारायचं?

वकील ओळखीचा आहे किंवा पाहुण्यांचा आहे, एवढ्यावर केस देऊ नये. फौजदारीत नावाजलेला वकील महसुली अपिलात तितकाच तयार असेल असं नाही. डोळ्याच्या दुखण्याला आपण हाडाच्या डॉक्टरकडे जात नाही, तसंच हे. सरळ विचारावं :

• अशा केसेस तुम्ही प्रांतांकडे, अपर आयुक्तांकडे किंवा हायकोर्टात स्वतः चालवल्यात का?
• माझ्या केसला पहिलं दार कोणतं आणि मुदत किती उरली?
• आदेशाला स्टे लागेल का? नुसतं अपील दाखल केल्यानं आदेश आपोआप थांबत नाही. स्टेचा वेगळा अर्ज द्यावा लागतो.
• तारखेला तुम्ही स्वतः उभे राहणार की ज्युनिअर?
• हरलो तर पुढं काय?

‘शंभर टक्के जिंकून देतो’ अशी हमी कोणताही प्रामाणिक वकील देत नाही. तहसीलच्या आवारात फिरणारा एजंट म्हणजे वकील नव्हे. वकिलाकडे बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाची सनद असते. सनद नंबर विचारण्यात कमीपणा नाही. वकिलांना स्वतःची जाहिरात करायलाही बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. त्यामुळे व्हॉट्सअॅपवर ‘जमिनीची केस हमखास’ असे मेसेज आले तर दोनदा विचार करावा.

फी आणि वकीलपत्र

फी आधी ठरवावी आणि कागदावर लिहून घ्यावी. एकरकमी आहे की तारखेप्रमाणे, स्टॅम्प, टायपिंग, नक्कल आणि प्रवास धरून आहे की वेगळा, हे स्पष्ट करावं. दिलेल्या पैशाची पावती मागावी. ‘मोबदला मिळाला की त्यातले इतके टक्के द्या’ असा सौदा आपल्याकडे वकिलाला करता येत नाही, बार कौन्सिलच्या नियमांत ते बसत नाही. संपादनाच्या गावांत असे सौदे कुणी घेऊन आलं तर सही करू नये.

वकीलपत्र वाचून सही करावी. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या स्टॅम्पवर कधीच नको. वकील बदलायचा असेल तर तो पक्षकाराचा हक्क आहे. आधीच्या वकिलाचा हिशोब करून ना-हरकत घ्यावी. फी बाकी आहे म्हणून वकिलाला पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, असा सुप्रीम कोर्टाचा 2000 सालचा निकाल आहे.

पैसे नसतील तर?

पैशासाठी न्याय सोडून द्यायची गरज नाही. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग आणि पूर-भूकंपासारख्या आपत्तीत सापडलेले लोक यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाची अट आहे, राज्यात ती वर्षाला 3 लाख रुपये. अर्ज कसबा बावड्यातल्या न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे करायचा. 15100 या हेल्पलाइनवरही माहिती मिळते. बायकोच्या किंवा आईच्या नावावर जमीन असूनही ही सोय माहीत नसलेली घरं गावात पुष्कळ सापडतात.

केस टाकल्यावर झोपू नका

वकील दिला म्हणजे आपलं काम संपलं असं नाही. कोर्टातल्या केसची तारीख ई-कोर्ट्स अॅपवर दिसते. त्यासाठी केसचा 16 अंकी-अक्षरी सीएनआर नंबर वकिलाकडून घेऊन ठेवावा. महसुली सुनावण्यांची माहिती ई-क्यूजे कोर्टच्या संकेतस्थळावर मिळते. गावातली कोणती फेरफार नोंद नोटिशीवर लागली आहे ते ‘आपली चावडी’वर घरबसल्या बघता येतं. नोंदीच्या नोटिशीनंतर हरकतीला 15 दिवस असतात. तेवढ्यात लेखी हरकत दिली तर पुढची वर्षानुवर्षांची कोर्टबाजी कधी कधी टळते.

मुदत आधीच टळली असेल तरी लगेच हात टेकू नयेत. सबळ कारण असेल तर अपिलाबरोबर विलंब माफीचा अर्ज देता येतो. दवाखान्याचे कागद, उशिरा मिळालेली नक्कल, नोटीस न मिळाल्याचा पुरावा जोडावा. मात्र ‘माहीत नव्हतं’ एवढ्या कारणावर माफी मिळणं अवघड असतं.

सर्किट बेंच जवळ आल्यानं मुंबईचा प्रवास वाचला, मुदत मात्र वाढलेली नाही. घरात एखादा सरकारी आदेश किंवा नोटीस पडून असेल तर आज काढा, कोणत्या तारखेला हातात आली ते त्याच्यावर लिहा आणि त्या तारखेपासून दिवस मोजा.