थंडीच्या लाटेत बागेतील ज्येष्ठ

पौषातील पहाट. वसाहतीच्या सामाईक भाजीबागेकडे निघालेल्या आजोबांना दारातच अडवावे काय, हा प्रश्न आपल्यापैकी अनेक घरांत उभा राहतो. अडवणाऱ्याचे भय खरे असते आणि निघणाऱ्याची ओढही खरी असते.

वर्ध्याजवळ धाम नदीकाठी पवनार आहे. १९३८ साली विनोबा तेथे आले तेव्हा त्यांची प्रकृती अत्यंत क्षीण होती. थंड हवेच्या ठिकाणी जाण्याऐवजी त्यांनी तेथेच जमीन खणावयास घेतली. आरंभी अगदी थोडा वेळ, मग रोज किंचित अधिक. काही महिन्यांत त्यांचे वजन भरून आले. पुढे १९५९ मध्ये त्याच जागी त्यांनी भगिनींसाठी ब्रह्मविद्या मंदिर स्थापिले आणि सामूहिक श्रम हा तेथील जीवनक्रमाचा भाग झाला. म्हणूनच ज्येष्ठांना बागेपासून तोडणे मला उपाय वाटत नाही. बदलावयाची आहे ती वेळ.

मैदानी प्रदेशात किमान तापमान दहा अंशांवर किंवा त्याखाली येऊन सरासरीपेक्षा साडेचार अंश वा अधिक घसरले, की हवामान खाते थंडीची लाट मानते. अशा पहाटे त्वचेजवळील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब चढतो, हृदयावर ताण येतो. त्यातच कुदळ मारणे वा पाण्याची बादली उचलणे धोक्याचे ठरते. उतारवयात थंडीची जाणीवही मंदावते. ‘मला काही गारठा लागत नाही’ या बोलण्यावर विसंबू नका. तहान कमी लागते, म्हणून कोमट पाणी आठवणीने द्यावे. रक्तदाबाची गोळी चुकू देऊ नये.

ऊन अंगावर आल्यावरच बागेत जावे. कानटोपी, पायमोजे आणि एका जाड कपड्याऐवजी दोन-तीन पातळ कपडे घालावेत. दव पडलेल्या पायवाटेवर घसरण असते, तेव्हा सोबत कोणीतरी असू द्यावे. खणण्याचे काम तरुणांकडे सोपवावे. उन्हात बसून मेथी निवडणे, तुरीच्या शेंगा सोलणे, बियाणे वेगळे करणे ही कामेही बागेचीच आहेत. वाफ्यांना विहिरीचे पाणी सायंकाळपूर्वी दिल्यास ओली माती रात्री ऊब धरून ठेवते. हे ठाऊक असलेले बहुधा घरातील ज्येष्ठच असतात, त्यांना विचारावे.

बोलणे अडखळू लागले, गुंगी आली, गोंधळ उडाला किंवा शरीराचे तापमान पस्तीस अंशांखाली गेले, तर ओले कपडे काढून घोंगडीत गुंडाळावे आणि तत्काळ दवाखाना गाठावा. हातपाय जोराने चोळू नयेत. मद्य तर मुळीच देऊ नये. छातीत दुखणे किंवा एका बाजूचा हात लुळा पडणे दिसल्यास क्षणभरही थांबू नये.

आणि रात्री बंद खोलीत पेटती शेगडी ठेवून झोपू नका. कोळशाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाही.