स्पीकर बदलावा, तार बदलावी का?

चार-पाच पावसाळे काढलेल्या मोटारीतले दारांमधले स्पीकर बहुधा थकलेले असतात. कागदी शंकूला चिरा पडतात, कडेचा फोम झडतो आणि तबल्याचा खर्ज फाटून ऐकू येऊ लागतो. मालक नवे स्पीकर घ्यायला जातो. दुकानदार जोडी दाखवतो आणि लगेच पुढचा प्रश्न टाकतो, "कंपनीची वायर फार बारीक असते. चांगल्या स्पीकरला ती पुरायची नाही. तीही बदलून टाकू का?"

यातले पहिले वाक्य खरे आहे. मोटारीत कारखान्यातून येणारी स्पीकरची तार बारीकच असते. बारीक तारेचा रोध जास्त असतो, हेही आपण वर्गात शिकवतोच. मग दुकानदाराचे म्हणणे मान्य करायला काय हरकत आहे? हरकत एवढीच, की 'जास्त' म्हणजे किती आणि कशाच्या मानाने जास्त, हे त्याने सांगितलेले नाही. हा हिशोब दहावीच्या विद्यार्थ्याला करता येण्यासारखा आहे. त्यावर खर्चाचा निर्णय तर अवलंबून आहेच, पण गाडीच्या सुरक्षिततेचाही प्रश्न आहे.

ओहमच्या सूत्रातला हरवलेला 'ब'

जॉर्ज सायमन ओहम हा आपल्यासारखाच शाळामास्तर. १८१७ पासून तो जर्मनीतील कोलोन येथील शाळेत गणित व भौतिकशास्त्र शिकवीत असे. १८२५-२६ या काळात त्याने तारांवर प्रयोग केले. विद्युत्-स्रोत म्हणून त्याने बिस्मथ व तांबे यांची तापयुग्मे वापरली. त्यांचा एक सांधा उकळत्या पाण्यात व दुसरा बर्फात ठेवला, की स्रोत स्थिर राही. मग सारख्याच जाडीच्या, पण वेगवेगळ्या लांबीच्या तांब्याच्या तारा एकामागून एक जोडून चुंबकसूची किती वळते ते त्याने मोजले. त्याला मिळालेले सूत्र आपल्या अक्षरांत असे लिहिता येईल:

परिणाम = अ ÷ (ब + ल)

यात 'ल' म्हणजे जोडलेल्या तारेची लांबी, 'अ' हा स्रोताच्या जोरावर ठरणारा अंक आणि 'ब' म्हणजे मंडलाच्या उरलेल्या सगळ्या भागाचा रोध. १८२७ साली ओहमने यावर पुस्तक लिहिले. पुढे पाठ्यपुस्तकांत हा नियम 'विभवांतर = धारा × रोध' असा सुटसुटीत झाला आणि 'ब' नजरेआड गेला. पण आपल्या प्रश्नाचे उत्तर या 'ब'मध्येच आहे. तारेचा परिणाम केवळ तारेवर ठरत नाही. मंडलातल्या बाकीच्या रोधाच्या तुलनेत तारेचा रोध किती, यावर तो ठरतो.

गाडीतला हिशोब

आता आकडे घालू. एक मीटर लांब व एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध २० अंश सेल्सिअसला सुमारे ०.०१७ ओहम असतो. गाडीतल्या स्पीकरच्या तारेचा छेद साधारण अर्धा चौरस मिलिमीटर धरू. म्हणजे दर मीटरला ०.०३४ ओहम. डॅशबोर्डातल्या स्टिरिओपासून मागच्या स्पीकरपर्यंत वळणे घेत जाणारी तार ५ मीटर धरली, तर जाऊन-येऊन १० मीटर होते. तिचा रोध ०.३४ ओहम. पुढच्या दाराचे अंतर ३ मीटर धरले, तर हाच आकडा ०.२ ओहम येतो.

मोटारीतला स्पीकर बहुधा ४ ओहमचा असतो. हा आकडा नाममात्र आहे. स्पीकरचा विरोध ध्वनीच्या वारंवारतेनुसार कमीजास्त होतो. पण आपल्या हिशोबाला तो पुरे. मागच्या स्पीकरच्या वाट्याला ४ ÷ ४.३४, म्हणजे ९२ टक्के विभवांतर येते. शक्ती विभवांतराच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ती ८५ टक्के मिळते. बारीक तारेपायी १५ टक्के शक्ती गेली!

घरातल्या दिव्यांच्या जोडणीसाठी वापरतात तशी दीड चौरस मिलिमीटरची तार घातली तर? रोध ०.३४ वरून ०.११ ओहमवर येतो आणि शक्तीची घट साडेपाच टक्क्यांवर. दुकानदाराची बाजू भक्कम झाल्यासारखी वाटते. पण वॅट कानाला ऐकू येत नाहीत. ऐकू येतो तो आवाज.

कानाची मोजपट्टी

आपला कान शक्तीतली वाढ बेरजेने नव्हे, तर पटीने मोजतो. एका वॅटचे दोन वॅट झाले की जेवढा फरक वाटतो, साधारण तेवढाच १० वॅटचे २० झाले की वाटतो. म्हणून ध्वनीसाठी डेसिबेल हे लॉगरिथमवर आधारलेले माप वापरतात. शक्ती दुप्पट झाली की ३ डेसिबेल वाढतात, दसपट झाली की १०. आवाज 'दुप्पट मोठा' वाटायला साधारण ही दसपट शक्ती लागते. नेहमीच्या ऐकण्यात एक डेसिबेलपेक्षा लहान फरक सहसा जाणवत नाही.

या मोजपट्टीवर आपली १५ टक्के घट म्हणजे ०.७ डेसिबेल आणि नव्या तारेनंतर उरणारी घट पाव डेसिबेल. सगळे अस्तर उचकटून, चारही दारांतून नवी तार ओढून आपल्या पदरी पडला तो सुमारे अर्धा डेसिबेल! आवाजाची कळ किंचित फिरवूनही तेवढे काम होते. आणि हे सर्वांत लांबच्या स्पीकरबद्दल; पुढच्या स्पीकरांचा लाभ त्याहूनही कमी.

आता स्पीकरकडे पाहू. स्पीकरच्या खोक्यावर 'संवेदनशीलता' छापलेली असते: एक वॅट शक्ती दिली असता एक मीटर अंतरावर किती डेसिबेल आवाज मिळतो, तो आकडा. एका स्पीकरचा हा आकडा ८७ आणि दुसऱ्याचा ९० असेल, तर तेवढ्याच आवाजाला दुसऱ्याला निम्मी शक्ती पुरते. ३ डेसिबेलचा हा फरक तारेतून मिळणाऱ्या लाभाच्या सहापट आहे. ग्राहक मात्र हा आकडा न पाहता 'कमाल वॅट' पाहतो. ते फक्त स्पीकर किती सोसू शकेल हे सांगतात. किती मोठ्याने वाजेल हे नव्हे.

बसवण्याची पद्धतही महत्त्वाची आहे. शंकू पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. स्पीकरभोवती फट राहिली, तर या दोन विरुद्ध लहरी एकमेकींना भेटून खर्ज नाहीसा होतो. स्पीकरच्या कडेला फोमची पट्टी लावणे आणि दाराच्या पत्र्यातली मोठी भोके बुजवणे हे नव्या तारेपेक्षा कितीतरी स्वस्त आहे, आणि त्याचा फरक स्पष्ट ऐकू येतो.

आणखी काही दावे

जाड तारेने शंकू 'ताब्यात' राहतो, असे सांगितले जाते. कल्पना चूक नाही. शंकू हलला की त्याच्या कॉइलमध्ये विद्युतधारा निर्माण होते व ती त्या हालचालीलाच विरोध करते. पण ही धारा ज्या मंडलातून वाहते त्यात कॉइलचा स्वतःचा सव्वातीन-साडेतीन ओहम रोध असतोच. तिथे तारेतले ०.३४ चे ०.११ ओहम झाल्याने फारसे बिघडत किंवा सुधारत नाही. पुन्हा ओहमचा 'ब'!

दुसरा दावा असा, की उच्च वारंवारतेची धारा तारेच्या पृष्ठभागालगत वाहते, म्हणून खास तार हवी. परिणाम खरा आहे. पण २० हजार हर्ट्झला, म्हणजे श्रवणाच्या वरच्या टोकालाही, तांब्यात ही खोली जवळजवळ अर्धा मिलिमीटर असते. आपल्या तारेची त्रिज्याच ०.४ मिलिमीटर! 'ऑक्सिजनमुक्त' तांब्याचेही तसेच. नेहमीच्या विद्युत् तांब्यापेक्षा त्याची वाहकता फार तर एखाद्या टक्क्याने अधिक असते.

खोक्यावरचे ५० वॅट

साध्या स्टिरिओवरही 'चार गुणिले ५० वॅट' छापलेले असते. एवढी शक्ती बारीक तारेला झेपेल का, अशी शंका येते. इंजिन चालू असताना गाडीतले विभवांतर १४.४ व्होल्ट धरू. त्याचा वर्ग करून ४ ओहमने भागल्यास सुमारे ५२ वॅट येतात. म्हणजे स्पीकर जवळजवळ सरळ बॅटरीलाच लावल्यासारखा हा आकडा आहे. तो चौकोनी तरंगाचा आहे, संगीताचा नव्हे. ज्या-तरंगासाठी याची निम्मी, २६ वॅट, ही आदर्श मर्यादा आणि स्वच्छ आवाजात प्रत्यक्ष मिळतात ते सुमारे २०. त्यासाठी धारा लागते सव्वादोन ॲम्पिअर. तिच्याने मागच्या तारेत पावणेदोन वॅट उष्णता होते, तीही पाच मीटरांवर पसरलेली. तार कोमटही व्हायची नाही.

तार बदलावी, पण कोणती?

तरीही तार बदलणे भाग पडते असे प्रसंग आहेत. तार तुटलेली, गंजून हिरवी पडलेली किंवा दाराच्या बिजागरीपाशी घासून उघडी झालेली असेल, तर ती बदलावीच. जुन्या काळच्या काही गाड्यांत स्पीकरचे दुसरे टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेले असे. आजच्या स्टिरिओत स्पीकरची दोन्ही टोके स्वतंत्रपणे चालवली जातात. त्यांतले एकही पत्र्याला लागता कामा नये. अशा गाडीत नवा स्टिरिओ बसवताना दोनपदरी तार ओढण्याला पर्याय नाही.

तिसरा प्रसंग वेगळा ॲम्प्लिफायर बसवण्याचा. इथे आपले उत्तर उलटे होते. ॲम्प्लिफायर एकूण २०० वॅट देत असेल आणि त्याची कार्यक्षमता ५० टक्के असेल, तर बॅटरीतून ४०० वॅट, म्हणजे १३ व्होल्टला सुमारे ३० ॲम्पिअर घ्यावे लागतील. बॅटरीच्या दृष्टीने हा ॲम्प्लिफायर म्हणजे १३ ÷ ३० = ०.४३ ओहमचा रोध. आपला 'ब' चारावरून अर्ध्याच्याही खाली आला! पाच मीटरची तीच अर्ध्या चौरस मिलिमीटरची तार इथे लावून ३० ॲम्पिअर नेऊ पाहिले, तर तारेतच ५ व्होल्ट खर्ची पडतील आणि १५५ वॅट उष्णता होईल. २५ वॅटची सहा सोल्डरिंग आयर्न गालिच्याखाली चालू ठेवल्यासारखेच ते आहे. तीच तार ८ चौरस मिलिमीटरची असेल, तर घट जेमतेम ०.३ व्होल्ट आणि उष्णता १० वॅट.

म्हणून ॲम्प्लिफायरला वीज नेणारी तार नवी, जाड आणि सरळ बॅटरीपासून घ्यावी. तिचा फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, शक्यतो एका वितीच्या आत असावा. फ्यूज फक्त आपल्या पुढच्या तारेचे रक्षण करतो. तो ॲम्प्लिफायरपाशी बसवला आणि वाटेत तार पत्र्यावर घासून उघडी पडली, तर बॅटरी त्या तारेतून शेकडो ॲम्पिअर ओतते व आग लागू शकते. तार जाड म्हणून धोका कमी होत नाही. उलट जाड तार जास्त धारा वाहू देते.

जाडी पाहताना धातूही पाहावा. वर तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनिअम अशा तारा बाजारात पुष्कळ आहेत. ॲल्युमिनिअमचा विशिष्ट रोध तांब्याच्या सुमारे १.६ पट असतो. एक धागा चाकूने खरवडावा. आत रुपेरी दिसला तर ते तांबे नव्हे.

आणि विनाकारण मूळ तारांचे जुडगे कापू नये. नव्या गाड्यांत त्याच वाटेने एअरबॅगच्या तारा जातात. त्यांचे जोड बहुधा पिवळे असतात. चार डेसिबेलसाठीही तिथे हात घालू नये, मग अर्ध्यासाठी कशाला?

वर्गात करून पाहा

हा सगळा युक्तिवाद दोन दिव्यांनी दाखवता येतो. मोटारसायकलची १२ व्होल्टची बॅटरी, तिच्या धन टोकालगत १० ॲम्पिअरचा फ्यूज आणि अर्ध्या चौरस मिलिमीटरची दोनपदरी तार १० मीटर घ्या. तार गुंडाळी न करता मोकळी पसरा. जाऊन-येऊन २० मीटरचा रोध ०.७ ओहमच्या आसपास येईल.

तारेच्या टोकाला प्रथम ५ वॅटचा छोटा दिवा लावा. दिव्यापाशी मल्टिमीटर सुमारे ११.७ व्होल्ट दाखवील. जवळून लावलेल्या दिव्यात आणि यात डोळ्याला फरक कळणार नाही. मग त्याच तारेला हेडलाइटचा ६० वॅटचा दिवा लावा. विभवांतर ९ व्होल्टच्या आसपास घसरेल आणि उजेड निम्म्याहूनही कमी होईल. हा दिवा फार तापतो. काचेला हात लावू देऊ नका व तो अर्ध्या मिनिटात बंद करा.

मग मुलांना विचारा: तार चांगली आहे की वाईट? एकाच तारेला पहिल्या दिव्यासाठी 'चांगली' आणि दुसऱ्यासाठी 'वाईट' म्हणावे लागते, हे त्यांच्या लक्षात आले, की सूत्र पाठ करून जे कळत नाही ते कळले असे समजावे. पुढे यातला एखादा विद्यार्थी स्पीकर घ्यायला जाईल, तेव्हा 'बारीक' आणि 'जाड' या शब्दांवर तो थांबणार नाही. "कशाच्या मानाने?" असे तो विचारील.