भिंतीपाशी संपणारे रस्ते

आल्प्समधल्या आडवाटांवरच्या सायकल सफरींचे लेख वाचून संपादकांना प्रश्न पडला, की मुंबईच्या उंबऱ्यावर असं काही आहे का? ‘कर्जत-खालापूर बघून ये,’ असं त्यांनी सांगितलं तेव्हा मला आधी आठवला तो बोरघाट. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत खोपोलीकडून घाट सर्वांत आधी चढणारा ‘घाटाचा राजा’ ठरतो. पण शर्यतीच्या दिवशी पोलीस रस्ता मोकळा ठेवतात. एरवीचा घाट वेगळाच असतो.

घाटात सायकलला शांतता हवी, तर बाकीच्या वाहनांना तिथून जायची गरज उरता कामा नये. स्वित्झर्लंडमध्ये गोटहार्डला आधी नवा घाटरस्ता झाला, मग १९८० मध्ये खालून बोगदा झाला आणि जुन्या त्रेमोला घाटातली वाहतूक ओसरली. दगडी फरशीच्या त्या वळणांवर आज सायकली चढतात. बोरघाटाच्या नशिबी ते आलं नाही. १८३० मध्ये गव्हर्नर माल्कमच्या कारकिर्दीत गाडीरस्ता झाला, १८६३ मध्ये रेल्वे वर पोहोचली आणि २००२ मध्ये एक्सप्रेसवे पूर्ण झाला. नवी सोय दर वेळी आली, जुनी काही रिकामी झाली नाही. एक्सप्रेसवेवर सायकलला बंदी आहे, आणि जुन्या महामार्गावर टोल वाचवणारे ट्रक पहिल्या गिअरमध्ये धूर सोडत सायकलवाल्याच्या पुढे असतात.

शांत रस्ते याच तालुक्यांत आहेत, पण ते घाट चढत नाहीत. ते सह्याद्रीच्या भिंतीपाशी जाऊन संपतात. कर्जतच्या चारफाट्यावरून उल्हास नदीच्या खोऱ्यात कोंदिवड्याकडे एक रस्ता आत शिरतो. पुढे कोंडाणे लेणी आणि राजमाची, पण ती पायवाट. कडावमार्गे कशेळ्याला गेलं की तिथून एक फाटा आंबिवलीवरून जामरुंगकडे, पेठच्या किल्ल्याखालून जातो. दुसरा खांडसला जातो. खांडसहून भीमाशंकर गाठायचं तर गणपती घाट किंवा शिडी घाट पायीच चढावा लागतो. नकाशात हे रस्ते हाताच्या बोटांसारखे डोंगराकडे पसरलेले दिसतात आणि प्रत्येक बोट टोकाला थांबतं. पुढे कुठे जाता येत नाही, म्हणून इथून जातो तो इथेच राहणारा, नाहीतर मुद्दाम आलेला. दूध, शाळेची पोरं, वडापची गाडी, गवताचा टेम्पो. मधल्या वारी सकाळी नऊनंतर तर मैलभर कुणी दिसत नाही.

चढ इथे लांब नसतात, पण सतत असतात. ओढा आला की उतार, साकव ओलांडला की लगेच चढ. गिअर बदलायला उशीर झाला की चेन कुरकुरते आणि मांडीला कळतं. खांडसच्या अलीकडे भिंत समोर येते तेव्हा तिची उंची पुस्तकात वाचलेल्या उंचीपेक्षा जास्त वाटते.

या भागात दुसरी गंमत पाण्याची. माथ्यावरच्या ठोकरवाडी धरणाचं पाणी पाचशे मीटरहून अधिक खाली भिवपुरीच्या वीजगृहात येतं. हे टाटांचं वीजगृह १९२२ पासून चालू आहे. वीज करून झाली की ते पाणी राजनाल्यात जातं आणि त्यावर कर्जत तालुक्यात उन्हाळी भात होतो. त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये, बाकी कोकण करपलेलं असताना, या रस्त्यांच्या दोन्ही अंगांना हिरवी खाचरं असतात. खालापूरकडे हेच काम १९१५ पासून खोपोलीचं वीजगृह करतं. त्याचं पाणी पाताळगंगेला मिळतं.

पण मी सगळ्यात जास्त वेळ थांबलो तो कशेळे नाक्याजवळच्या एका पंक्चरच्या टपरीत. कॉम्प्रेसर, पाण्याचं घमेलं, भिंतीला लटकवलेल्या जुन्या ट्यूबा. चालवणारा पन्नाशीचा, गिऱ्हाईक बहुतेक मोटारसायकलींचं. माझ्या सायकलच्या ट्यूबला बारीक, लांब फ्रेंच व्हॉल्व्ह. त्याच्या पंपाचं तोंड त्यावर बसेना. त्याने पान-तंबाखूच्या डबीतून हरभऱ्याएवढं पितळी टोपण काढलं आणि व्हॉल्व्हवर फिरवून बसवलं. कुणी मुंबईचा सायकलवाला विसरून गेला होता म्हणे.

टायर त्याने लोखंडी पान्याने उचकटला नाही, अंगठ्यांनी उतरवला. ट्यूब फुगवून घमेल्यात बुडवली, बुडबुडे आले तिथे खिळ्याने खूण केली, कानशीने घासलं, सोल्युशन लावलं आणि ते वाळेपर्यंत ठिगळाला हात लावला नाही. मग टायर मांडीवर घेऊन त्याने आतून एक सुती चिंधी फिरवायला सुरुवात केली. ‘काय बोचलं ते निघाल्याशिवाय बसवायचा नाय, दादा. परत पंक्चर.’ चिंधी एका जागी अडकली. चिमट्याने त्याने केसाएवढी बारीक पोलादी तार ओढून काढली.

‘ही इथली नाय. ही हायवेची.’

ट्रकच्या टायरांत पोलादी तारांचे पट्टे असतात. टायर फुटला की त्यांचे तुकडे रस्त्याच्या कडेला पडून राहतात, आणि सायकल नेमकी त्याच कडेने चालते. त्याच्याकडे डब्याचं एक झाकण होतं. त्यात एका बाजूला बाभळीचे काटे, दुसऱ्या बाजूला तारा. पोराला दाखवायला ठेवलंय, म्हणाला. ‘खांडसकडनं आलेल्या सायकलीत अजून काटाच निघतो. कर्जतकडनं आली की तार. आधी दोन्हीकडे काटाच होता.’

रहदारी मोजायला सरकारी माणसं नाक्यावर वही घेऊन बसतात. या झाकणाने तेच काम नेमकं केलं होतं.

तारा का वाढल्या ते उघड आहे. शहापूर-मुरबाड-कर्जत-खोपोली हा रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग ५४८-अ आहे. कशेळ्यापर्यंतचा सायकलवाल्याचा मार्ग त्याच्यावरूनच जातो. पनवेल-कर्जत उपनगरी रेल्वेसाठी वावर्ल्याला अडीच किलोमीटरहून लांब बोगदा खोदून झाला आहे, आणि लोकल येणार म्हणताच प्लॉटचे फलक शेतात उभे राहतात. भिवपुरीला १००० मेगावॉटच्या उदंचन जलविद्युत प्रकल्पासाठी २०२३ मध्ये राज्य सरकार आणि टाटा पॉवर यांच्यात करार झाला. एवढं काम निघालं की डंपर आलेच. खेडकडून घाट उतरून कर्जतला येणाऱ्या नव्या रस्त्याच्या बातम्याही अधूनमधून येतात. तो झाला, तर ज्या भिंतीने हे रस्ते शांत ठेवले तीच फुटेल.

शनिवार-रविवारचं तर विचारू नये. फार्महाऊसच्या गाड्या वळणावर हॉर्न देत नाहीत, गाणी मात्र लावतात. पावसाळ्यात धबधब्यांवर इतकी गर्दी लोटते की प्रशासनाला बंदी घालावी लागते. काँक्रीटवर शेवाळ धरतं, साकवांवरून पाणी जातं. सायकल न्यायची तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, मधल्या वारी, उजाडताना.

हे सगळं लिहिताना ‘रस्ते असेच राहू द्या’ म्हणायचा मोह होतो. पण १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. यंत्रं वर नेता आली नाहीत. चिखल-दगड माणसांनी हातांनी उपसले. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण बेपत्ताच राहिले. मला जी शांतता हवी असते, तिची किंमत डोंगराखाली राहणारी माणसं मोजतात. बाळंतीण अडली की खांडसच्या बाईला वेळेत कर्जत गाठायचं असतं. तिथे खड्डा नसलेला रस्ता हा तिचा हक्क आहे, माझी सहल नव्हे.

तेव्हा मागणी रस्ता अडवण्याची असू शकत नाही. मागणी नेमकी हवी: डोंगराकडे जाणारे हे फाटे पक्के करा, पण एकेरी रुंदीचेच ठेवा, डंपरना त्यांच्यावरून नेऊ नका, आणि महामार्गाच्या कडेला पांढऱ्या पट्टीबाहेर सायकलपुरती पक्की, झाडलेली जागा सोडा. टपरीवाल्याला मी रुंदीकरणाबद्दल विचारलं, तेव्हा त्यानेही याहून वेगळं सांगितलं नाही. ‘करू द्या की रुंद. आमच्या पोरी शाळेला सायकलवर जातात, त्यांना कडंला जागा ठेवा म्हणावं.’ या रस्त्यांवर रोज सायकल चालवणाऱ्या त्या मुली आहेत. त्यांच्यासाठी जागा सुटली, की आमच्यासारख्या रविवारच्या पाहुण्यांना वेगळं काही मागायची गरज उरत नाही.