साडेपाच अंशांचं अंतर

पावसाळ्यात कॉलमच्या माथ्यावरच्या उघड्या फ्लँजला हात लावला की बोटं ओली होतात. बाहेर कोकणातली दमट हवा, आत १० बार दाबाखाली २० अंशांची प्रॉपिलीनची वाफ. लोखंडाला घाम फुटतो. खाली कंप्रेसरच्या पुढचा पाइप मात्र चांगलाच गरम लागतो. वाफ तीच, फक्त दाबलेली.

प्रॉपिलीन आणि प्रोपेन वेगळे करणं हे आमचं काम. वातावरणाच्या दाबाला एक उणे ४७.६ अंशांना उकळतं, दुसरं उणे ४२.१ला. एवढ्याशा फरकावर ९९.५ टक्के शुद्ध प्रॉपिलीन काढायचं तर दीडशे-दोनशे ट्रे लागतात. शिवाय एक टन माल टाकीत पाठवायचा, तर दहा-पंधरा टन रिफ्लक्स म्हणून परत कॉलमात सोडावा लागतो, आणि तो सगळा पुन्हा उकळावा लागतो. नुसतं एथिलीन आणि प्रॉपिलीन शुद्ध करायलाच जगाच्या ऊर्जेतला ०.३ टक्का जातो, असं शॉल आणि लाइव्हली यांनी २०१६मध्ये ‘नेचर’मध्ये लिहिलं, त्याचं मला नवल वाटलं नाही.

जुन्या कॉलमला आम्ही खालून ताप द्यायचो आणि वर तीच उष्णता कूलिंग टॉवरमधून हवेत सोडायचो. हिशेब कळल्यापासून तो टॉवर बघून जीव हळहळायचा. आता माथ्यावरची वाफ १६ बारपर्यंत दाबतो. मग ती ४० अंशांच्या जरा अलीकडे द्रव होते, आणि तळाशी प्रोपेन तिशीच्या आसपास उकळत असतं. तीच वाफ तळाच्या रिबॉयलरमध्ये नेली की तिची उष्णता प्रोपेनला मिळते. कॉलममधला दाब कमी ठेवल्यामुळे दोघं वेगळेही जरा सहज होतात. वीज लागते ती कंप्रेसरपुरती, आणि तिच्या कितीतरी पट उष्णता जागच्या जागी फिरते.

पण सगळा भार त्या एका यंत्रावर. एका रात्री कंप्रेसर ट्रिप झाला. वर चढणारी वाफ थांबली, तिच्या जोरावर ट्रेवर तोललेला द्रव भराभर खाली आला आणि तळाची लेव्हल बघता बघता वर गेली. कंप्रेसर तासाभरात सुरू झाला, पण ट्रेमागून ट्रे पुन्हा बसायला घाई चालत नाही. रिफ्लक्स जरा हलवायचा आणि वाट बघायची. ॲनालायझरवर पुन्हा ९९.५ आलं ते दुसऱ्या दिवशी दुपारी. शिफ्ट केव्हाच संपली होती, तरी आम्ही पॅनेलपाशीच उभे होतो.