क्रम टिकवायचा, घड्याळ नव्हे: स्वमग्न मुलांच्या हिवाळ्याचा मागोवा

जालना–मंठा–जिंतूर रस्त्यावर देवगाव फाट्याला परभणी जिल्ह्यातल्या सेलूकडे वाट फुटते. या भागातल्या हिवाळ्याची बातमी दरवर्षी एकाच आकड्याभोवती फिरते: परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात पारा किती उतरला? डिसेंबर २०१८च्या अखेरीस तो २ अंशांच्या आसपास आला, तेव्हा राज्यभर त्याची चर्चा झाली. पण ज्या घरात स्वमग्न मूल आहे, त्या घराचा हिवाळा या आकड्यात मावत नाही. तिथे आंघोळीची वेळ सरकते, अंगावर टोचणारा स्वेटर येतो, ज्वारीच्या भाकरीच्या जागी बाजरीची येते, आणि रोज संध्याकाळी दिसणारे वडील काही दिवस दिसेनासे होतात. माझं म्हणणं असं आहे की इथल्या मुलाचा दिनक्रम थंडीपेक्षा हिवाळ्यातल्या शेतीकामांमुळे अधिक मोडतो. म्हणून घरात जपायचा तो कामांचा क्रम. घड्याळातली वेळ थोडी हलली तरी चालेल. गेल्या ऐंशी वर्षांत ‘ठरलेपणा’कडे बघण्याची नजर कशी बदलली, हे पाहिलं की या म्हणण्याला आधार मिळतो.

१९४३ साली बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी अकरा स्वमग्न मुलांचं वर्णन प्रसिद्ध केलं. सगळं जसंच्या तसं राहावं हा त्या मुलांचा चिंतेने भरलेला आग्रह त्यांनी ठळकपणे नोंदवला. चिंता हा शब्द त्यात होता, तरी पुढची बरीच वर्षं लोकांच्या लक्षात राहिला तो फक्त आग्रह. मग दोष द्यायला आई सापडली. १९६७ साली ब्रुनो बेटलहाइम यांच्या पुस्तकाने आईच्या कोरडेपणाला जबाबदार धरणारा विचार घरोघर नेला. त्याच्या तीन वर्षं आधीच बर्नार्ड रिमलँड यांनी स्वमग्नतेचं मूळ शरीरात आहे असं मांडलं होतं, पण आयांवरचा ठपका पुसायला फार वेळ लागला. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात एरिक शॉप्लर यांनी पालकांना सहउपचारक मानलं. १९७२पासून त्या राज्यात चाललेल्या त्यांच्या टीच कार्यक्रमाने चित्रांची वेळापत्रकं रुळवली: आता काय, मग काय, संपलं कधी. आग्रह मोडून काढण्याऐवजी त्याच्या मुळाशी असलेली गरज भागवायची, हा खरा बदल तिथे घडला. २०१३च्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेत ठरलेपणाच्या आग्रहाबरोबर स्पर्श, आवाज, तापमान यांच्या वेगळ्या जाणिवेलाही निदानात स्थान मिळालं. अलीकडच्या संशोधनाने अनिश्चितता सहन न होणं आणि स्वमग्न मुलांमधली चिंता यांचं जवळचं नातंही दाखवून दिलं आहे.

हे सगळं ज्ञान घडलं ते प्रामुख्याने युरोप-अमेरिकेत, जिथे हिवाळा म्हणजे अंधार. लंडनमध्ये डिसेंबरचा दिवस जेमतेम आठ तासांचा असतो. परभणीत तो अकरा तासांच्या आसपास राहतो, म्हणजे इथे उजेडाची तशी टंचाई नाही. इथली अडचण वेगळी आहे. शेतीपंपाची थ्रीफेज लाईट पाळीपाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. गहू-हरभऱ्याला पाणी द्यायला रात्रीची पाळी आली की घरातलं एक माणूस शिवारात जातं, दुसऱ्या दिवशी दुपारी झोपतं, आणि पाळी बदलली की पुन्हा सगळं उलटं. आई कापसाच्या वेचणीला, मग तुरीच्या काढणीला जाते. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचं तर दिवाळीनंतर घरच बदलतं. अशा घरात ‘साडेसातला आंघोळ, आठला भाकरी’ असं वेळापत्रक आठवडाभरही टिकणार नाही, आणि ते टिकलं नाही म्हणून आईने स्वतःला दोष देण्याचं कारण नाही. ‘ऊन अंगणात आलं की पाणी, पाणी झालं की स्वेटर, स्वेटर घातला की भाकरी’ हा क्रम मात्र आजीही सांभाळू शकते, आणि फडावरच्या कोपीतही तो सोबत नेता येतो. मुलाला हवं असतं ते ‘यानंतर काय’ याचं उत्तर, आणि ते क्रमात मिळतं. वडील रात्री शेतावर जाणार असतील तर ते दिवसाउजेडी दाखवून ठेवावं: बॅटरी आणि घोंगडी दाराशी ठेवली की आज बाबा नाहीत. स्वेटर टोचत असेल तर आत जुना, धुऊन मऊ झालेला सुती सदरा घालावा, आणि कडाक्याची थंडी पडण्याआधीच रोज थोडा वेळ स्वेटरची सवय करावी. काही मुलांना थंडी किंवा चटका लवकर जाणवत नाही. ते मूल कुडकुडत नाही म्हणून त्याला थंडी नाही असं धरू नये, आणि शेकोटीजवळ त्याला एकटं सोडू नये.

यावर पहिला आक्षेप असा येतो की क्रमाचे असे लाड केले तर मूल अधिकच हट्टी होईल. भीती रास्त आहे. ज्या क्रमात कधीच काही बदलत नाही तो कोंडवाडा होऊ शकतो. पण बदल शिकवायचा तर आधी स्थिर जमीन लागते. बाजरी आणायचीच असेल तर ज्वारीच्या भाकरीशेजारी तिचा एक तुकडा ठेवावा, बाकी सारं तसंच राहू द्यावं. सगळं एकदम बदललं तर मूल काहीच शिकत नाही, फक्त घाबरतं. दुसरा आक्षेप, ही शहरी थेरं आहेत, तज्ज्ञांशिवाय जमणार नाहीत. याला गोव्याने उत्तर दिलं आहे. संगाथ संस्थेने तिथे आणि तिच्या सहकाऱ्यांनी रावळपिंडीत ६५ मुलांच्या पालकांबरोबर एक चाचणी केली. मार्गदर्शन करणारे तज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेले साधे कार्यकर्ते होते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत पालक मुलाच्या कलाने अधिक बोलू लागले आणि मुलंही आपणहून अधिक संवाद सुरू करू लागली. ती चाचणी संवादाबद्दल होती, दिनक्रमाबद्दल नव्हे, हे सांगायलाच हवं. पण घर हे शिकवण्याचं ठिकाण आहे आणि साधं माणूस पालकाच्या पाठीशी उभं राहू शकतं, एवढं तिने दाखवलं.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे: हे सगळं शेवटी आईच्याच अंगावर पडतं. पडतं, आणि म्हणूनच ही बाब घरापुरती ठेवता येत नाही. राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी ९च्या आधी भरवू नयेत असा आदेश काढला, कारण मुलांची झोप पुरी होत नव्हती. स्वमग्न मुलांत झोपेच्या तक्रारी इतरांपेक्षा कितीतरी अधिक असतात, तेव्हा त्यांना याचा लाभ मोठा. शेतीला दिवसा वीज देण्यासाठी सौर कृषी वाहिनी योजना आहे. तिचा हिशेब मेगावॅटमध्ये मांडला जातो, पण वडील रात्री घरी असणं हाही त्या हिशेबात धरला पाहिजे. तोवर कोणत्या आठवड्यात रात्रपाळी आहे हे गावाला ठळकपणे आधी कळवणं वीज कंपनीला अवघड नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नतेला दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत जागा दिली. त्याच्याही आधी, २०१३पासून, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलांची आरोग्य तपासणी करतात. त्या तपासणीच्या दिवशी जे मूल आईबरोबर कापसाच्या शेतात किंवा ऊसतोडीच्या फडावर असतं, त्याचं नाव मात्र पथकाच्या यादीत येत नाही. पथकाची एक फेरी दिवाळीआधी, कुटुंबं फडावर निघण्यापूर्वी ठेवली, तर ते मूल निदान गावात सापडेल.