चौकट का कुजते?

पावसाळ्यानंतर दाराच्या चौकटीचा खालचा भाग मऊ पडला, की बहुतेक घरांत ‘वाळवी लागली’ असे म्हणून औषध मारतात किंवा वरून ऑइलपेंट देतात. हा समज स्वाभाविक आहे, कारण वाळवी आणि कुजणे या दोन्हींत लाकूड पोकळ होते. पण वाळवी मातीच्या नळ्या करते. कुजणे हे बुरशीचे (लाकडातले तंतू पचवणाऱ्या सूक्ष्म जिवांचे) काम आहे. कुजलेले लाकूड पुष्कळदा काळपट पडते आणि आडव्या-उभ्या भेगांनी चौकोनी तुकड्यांत सुटते.

ओलसर पावाला बुरशी धरते, कोरडा टोस्ट टिकतो; लाकडाचेही तसेच. वजनाच्या २० टक्क्यांहून कमी ओलावा असलेल्या लाकडात ही बुरशी सहसा वाढत नाही. म्हणून रंग हा उपाय नाही. ओल्या लाकडावर दिलेला रंग ओल आतच कोंडतो.

दाभण टोचून पाहा. सहज आत गेले, तर ते लाकूड गेलेच. कोकणातल्या कौलारू घरांत वाशांची टोके आणि भिंतीत गाडलेली तुळयांची टोके आधी तपासावीत, कारण तिथली ओल दिसत नाही. दुरुस्तीत क्रम महत्त्वाचा: आधी फुटके कौल, गळकी पन्हळ किंवा बाथरूमची गळती बंद करा, लाकूड पूर्ण वाळू द्या, मग कडक भाग लागेपर्यंत कापून मुरलेल्या सागाचा तुकडा जोडा. रसकाष्ठ (सालीलगतचे फिकट लाकूड) वापरू नका. सागाचेही ते लवकर कुजते. तुळईचे टोक मऊ लागले, तर मात्र स्वतः कापू नका. आधी टेकू द्या आणि जाणत्या सुताराला बोलवा.